गाय मारतो तो गोचीड नव्हे, त्याच्या लाळेतला जंतू

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत पशुवैद्यक डॉक्टरताईंनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मागच्या सभेत एका ताईंनी विचारलं होतं, "माझ्या दोन्ही गाई एकाच गोठ्यात. गोचीड दोघींनाही. गावरान गाय ठणठणीत राहिली आणि गटाचं कर्ज काढून आणलेली संकरित गाय आठ दिवसांत गेली. असं कसं?" या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून आज वेळ मागून घेतला.

गोचीड रक्त पितो, गाय अशक्त होते, हे खरंच. पण आठ दिवसांत गाय जाते ती गोचिडाच्या लाळेतून आलेल्या जंतूमुळे. त्याचं नाव थायलेरिया. आपण ज्याला गोचीडताप म्हणतो, तो बहुतेक वेळा हाच. हा जंतू माणसाच्या मलेरियाच्या जंतूचा भाऊबंद आहे. गंमत अशी की या दोघांच्याही पेशीत शेवाळाचा एक अवशेष आजही सापडतो. म्हणजे फार फार पूर्वी यांचे पूर्वज पाण्यात उन्हावर जगत होते. तिथून ते दुसऱ्याच्या रक्तावर जगायला शिकले.

शास्त्रज्ञांनी 2005 साली थायलेरियाची सगळी जनुकं वाचली. जनुक म्हणजे आईबापाकडून आलेली कामाची चिठ्ठी. गाईत अशा चिठ्ठ्या वीस हजारांवर आहेत, या जंतूत जेमतेम चार हजार. एवढ्या कमी भांडवलावर तो गाईच्या रक्षक पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला कर्करोगासारखं वाढत राहायला लावतो. पेशी वाढते, तसा आतला जंतूही वाढतो. म्हणून खांद्यापुढची गाठ सुजते. मग तो तांबड्या पेशींत जातो आणि गाय पांढरीफटक पडते.

आता गावरान गाईचं. भारतातल्या गाई-म्हशी आणि हा जंतू हजारो वर्षं एकाच मुलखात राहिले. ज्या गाईंना तो सोसला नाही त्या मेल्या, ज्यांना सोसला त्यांची वासरं पुढे आली. परदेशी गाईच्या वंशाला ही सवय झालीच नाही. साहिवाल आणि होल्स्टिन वासरांना मुद्दाम सारखाच संसर्ग देऊन पाहिलं, तेव्हा साहिवाल सावरली आणि होल्स्टिनचा आजार फार जड गेला. आपली खिल्लार, देवणी, डांगी याच देशी कुळातल्या. म्हशीलाही सहसा फार त्रास होत नाही. पण तिच्या रक्तात जंतू राहू शकतो आणि तिच्यावरचा गोचीड शेजारच्या गाईकडे जातो, हे विसरू नका.

सगळंच रक्तातून येत नाही. काही लहानपणी कमवावं लागतं. अमेरिकेत दक्षिणेच्या टेक्सासमधली गुरं उत्तरेकडे हाकत नेली की तिथली गुरं पटापट मरायची, आणि आलेली मात्र धडधाकट. 1893 साली स्मिथ आणि किलबोर्न यांनी सिद्ध केलं की हा आजार गोचीड पसरवतो. तो जंतू बबेसियाचा, लाल लघवीचा. दक्षिणेतल्या वासरांना तो लहानपणीच होऊन गेलेला असायचा, म्हणून मोठेपणी बाधायचा नाही. गोचीड नसलेल्या गोठ्यातून आणलेली गाय आपल्याकडे का आजारी पडते, ते यावरून लक्षात येईल.

संकरित गाय घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. दूध तिचंच जास्त. पण कर्जाच्या अर्जात गाईची किंमत आणि चारा लिहिता, तशी लस, गोचीडनाशक आणि विमा यांची रक्कमही लिहा. ग्रामसंघाने ती मागितलीच पाहिजे.

औषधाबद्दल मला जरा रागाने बोलायचं आहे. एक बाटली आणायची, अंदाजे पाण्यात टाकायची, उरलेली शेजारणीला द्यायची, हे बंद करा. बियाणं राखताना आपण काय करतो? चांगली टपोरी कणसं बाजूला काढतो आणि पुढच्या वर्षी तीच पेरतो. पातळ औषध मारलं की नाजूक गोचीड मरतात, चिवट उरतात. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे चिवट गोचिडाचं बियाणं आपणच राखलं. मग बाया म्हणतात, औषध डुप्लिकेट निघालं!

जंतूचंही तसंच. या तापावर बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन देतात. ट्युनिशिया, इराण, तुर्कस्तानात या औषधाला न जुमानणारे जंतू सापडले आहेत. त्यांच्या एका जनुकात एखाद्या अक्षराइतकाच फरक झालेला, पण औषध जिथे चिकटायचं ती जागाच बदलली. म्हणून हे इंजेक्शन डॉक्टरने, गाईच्या वजनाप्रमाणे द्यायचं. अर्ध्या डोसाची काटकसर महागात पडते.

आणखी एक. गाईच्या अंगात या जंतूचे नर-मादी एकत्र येत नाहीत. ते लग्न लागतं गोचिडाच्या पोटात. दोन ठिकाणचे जंतू तिथे भेटले की जनुकांची सरमिसळ होऊन नवं वाण तयार होऊ शकतं. म्हणून बाजारातून आणलेली गाय त्याच दिवशी आपल्या दावणीला बांधू नका. दोन-तीन आठवडे लांब ठेवा, गोचीड काढा, रोज ताप बघा.

हा गोचीड भिंतीच्या, दगडाच्या फटींत लपतो. फटी लिंपून घ्या. तो चिकटल्याबरोबर थायलेरिया सोडत नाही, त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोज कानामागे, कासेजवळ, शेपटीखाली हात फिरवून गोचीड काढण्यात अर्थ आहे. मात्र नखाने चिरडू नका. 2011 साली गुजरातमध्ये माणसांना काँगो ताप झाला होता, तोही अशाच गोचिडांतून पसरतो. हातमोजा घाला, नाही तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा, आणि काढलेले गोचीड रॉकेलच्या डब्यात टाका.

थायलेरियाची लस आहे. जंतू असलेल्या पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेल्या की तो जिवंत राहतो, पण त्याची मारायची धार जाते. तोच लस म्हणून टोचतात. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि बाहेर काढली की लगेच टोचावी लागते, म्हणून एकेका घरासाठी आणणं परवडत नाही. पशुसखीने गावातल्या संकरित वासरांची यादी केली आणि ग्रामसंघाने एकत्र मागणी नोंदवली, तर एका दिवसात काम होईल. गाभण गाईला द्यायची की नाही, ते डॉक्टरला विचारून ठरवा.

आता प्रश्न विचारा. पण जिची गाय सकाळपासून चरली नाही, तिने इथे थांबू नये. पशुसखीकडून थर्मामीटर घेऊन घरी जावं. ताप 104 च्या वर निघाला तर मला लगेच फोन करा, उद्यावर ठेवू नका.