रुग्णसेवा शिकायला निघालेल्यांचे आरोग्य

श्रोतेहो, बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी खेड्यापाड्यांतून माणसे येऊ लागतात. मी काही डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात मराठी शिकवणारा साधा अध्यापक. परंतु प्रवेशाचे कागद इंग्रजीत असतात आणि ‘सर वाचून सांगतील’ असा गावचा विश्वास असतो.

गेल्या वर्षी असेच एक तात्या आले. कोरडवाहू शेती करणारा माणूस. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पिशवीतून एकेक कागद काढता काढता त्यांनी शारीरिक पात्रतेच्या दाखल्याचा कोरा नमुना पुढे ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “सर, पोरीला लहानपणी बाळदमा होता. आता काही नाही. पण डॉक्टरनं तसं लिहिलं तर सीट जाईल का हो? तालुक्याला एकजण हायेत म्हणं, न तपासताच सही करून देतात.”

तात्यांच्या या बोलण्यातच आजचा माझा विषय आला. हा दाखला म्हणजे गरिबाच्या मुलाला गाळून टाकणारी चाळणी, असे आपण धरून चालतो. म्हणून लपवतो, विकत घेतो, नाहीतर शेवटच्या दिवशी कसाबसा उरकतो. वास्तविक ही तपासणी सर्वांत अधिक कुणाच्या उपयोगाची असेल, तर ती त्या मुलाच्याच.

असे का, ते पाहू. इतर विद्या शिकणारा वर्गात बसतो. रुग्णसेवा शिकणारा थेट आजारात जाऊन उभा राहतो. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी आठवा. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी अमेरिकेला गेली, १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जागा तिची वाट पाहत होती. पण ती परतली ती क्षयाने खंगून, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेली. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. क्षयावर गुणकारी औषध निघायला तेव्हा जवळजवळ साठ वर्षे अवकाश होता. त्या काळी इलाज नव्हता, आज आहे. आज एखादे मूल केवळ लपवाछपवीमुळे दगावले, तर तो दोष नशिबावर कसा ढकलणार?

आता कामाचे सांगतो. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, बी प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी. ती रक्तातून पसरते. सांडलेल्या रक्ताचा डाग वाळला तरी त्यातील विषाणू सात दिवसांपर्यंत तग धरू शकतो. लस न घेतलेल्या शंभरजणांना अशा रुग्णाची सुई टोचली, तर सहापासून तीसजणांपर्यंत लागण होऊ शकते. उलट लस लागू पडली की भीती जवळजवळ उरत नाही. मात्र तिच्या तीन मात्रा असतात: पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. म्हणजे प्रवेश झाल्यावर बघू म्हणून चालत नाही. निकालाचे पेढे वाटाल, त्याच आठवड्यात पहिली मात्रा टोचून घ्या. लहानपणी दिली असेल म्हणाल, तर ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्यांचे कार्ड शोधावे, ते सापडले नाही तर डॉक्टरांना विचारावे. तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासले, की लस लागू पडली का तेही कळते. गोवर-रुबेलाची लस आपल्या राज्यात नोव्हेंबर २०१८ पासून शाळाशाळांतून टोचली गेली. तिचीही नोंद सोबत असावी.

दुसरी गोष्ट क्षयाची. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजनात घट, यांतले काही दिसले की थुंकी तपासावी. क्षय निघाला म्हणून शिक्षण संपत नाही. साधारण सहा महिन्यांचे औषध सरकार फुकट देते आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी दरमहा १००० रुपयेही देते. संसर्गाचा धोका सरला असे डॉक्टरांनी सांगितले, की मूल पुन्हा वर्गात जाते.

तिसरी गोष्ट रक्तक्षयाची. देशाच्या २०१९ ते २०२१ च्या आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. आठ-आठ तास वॉर्डात उभे राहायचे, रात्रपाळी करायची, आणि अंगात रक्त नाही! शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची ती निळी गोळी मुली खिडकीतून बाहेर टाकतात, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. ती जेवणानंतर, आपल्या समोर गिळायला लावा.

आता थोडे घरातले सांगतो. माझी पुतणी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण परत बसवताना ती तिच्या बोटात शिरली. आता रागावतील, वहीत लाल शेरा पडेल, या भीतीने पोरीने बोट धुतले आणि ती गप्प राहिली. दुसऱ्या रात्री फोनवर आईने नुसते “जेवलीस का?” विचारले, तशी हुंदके देऊ लागली. मला यातले काही कळत नव्हते. ओळखीच्या डॉक्टरांना उठवले. ते म्हणाले, “एचआयव्ही टाळण्याचं औषध सुई टोचल्यावर काही तासांतच सुरू करायचं असतं. बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. तिला आत्ताच्या आत्ता सांगायला लावा.” तिने सांगितले. रुग्णाचे रक्त तपासले, ते सुदैवाने निर्दोष निघाले. पण ती रात्र आमच्या घरात कुणी झोपले नाही. एचआयव्हीच्या रुग्णाची सुई टोचली तरी हजारांत साधारण तिघांनाच लागण होते, हे मला नंतर कळले. त्या तिघांत आपले मूल नसेल, असे कोण सांगणार? म्हणून मुलांना निघतानाच बजावा: सुईला टोपण परत लावायचे नाही. टोचलीच तर पिळायचे नाही, चोखायचे नाही, साबणपाण्याने धुवायचे आणि त्याच क्षणी वरिष्ठांना सांगायचे. रागावले तर रागावू देत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेच रुग्णसेवा देणाऱ्या संस्थेवर काम करणाऱ्यांना बचावाची साधने, माहिती आणि असे औषध पुरवण्याची जबाबदारी टाकली आहे. त्याच कायद्याने शिक्षणाच्या प्रवेशासाठी एचआयव्हीच्या तपासणीची सक्ती करण्यास मनाई केली आहे.

आणि ज्यांच्या शरीरात काही उणे आहे, त्यांचे काय? पूर्वी दार बंदच होते म्हणा ना. आता ते किलकिले झाले आहे. रंगांधळ्या विद्यार्थ्यांना २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेश मिळवून दिला. अपंगत्वाचा टक्का अमुक आहे, एवढ्यावरून कुणाला अपात्र ठरवू नका, तो प्रत्यक्ष काय करू शकतो ते पाहा, असे त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले. दोन्ही हात धडधाकट हवेत ही अटही २०२५ च्या निकालाने टिकली नाही. तेव्हा लपवण्यापेक्षा नीट तपासून घेणे आणि नकार आलाच तर त्याचे कारण लेखी मागणे, हा शहाणपणाचा मार्ग होय.

संस्थेकडे काय मागावे, हेही पालकांना माहीत हवे. नर्सिंगच्या संस्थांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेल्या नियमांत विद्यार्थ्यांची दरवर्षी तपासणी, धनुर्वात व काविळीच्या लसी, आजारपणात मोफत उपचार किंवा विमा, आणि प्रत्येकाची आरोग्यनोंद ही कलमे आहेत. प्रवेशाच्या दिवशी वसतिगृहाची खोली बघता ना, तसे हेही विचारा. विचारण्यात लाज कसली?

मनाचेही तसेच. अठराव्या वर्षी पहिला मृत्यू डोळ्यांसमोर पाहिलेले मूल रात्री फोनवर गप्प गप्प असते. त्याला “अभ्यास कर” एवढेच सांगू नका. १४४१६ हा सरकारचा मोफत मानससाहाय्याचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. पण त्याआधी तुम्ही स्वतः ऐकून घ्या.

तात्यांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी त्यांना त्या सहीबहाद्दराकडे जाऊ दिले नाही, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, बाळदम्याची नोंद केली, श्वासाचा पंप जवळ ठेव म्हणून सांगितले आणि पात्रतेवर सही केली. ज्याची भीती होती, ते काहीच निघाले नाही. निघाले ते भलतेच. मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिन अवघे नऊ! बारा तरी हवे. कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. गोळ्या सुरू झाल्या, आईने घरच्या भाजीभाकरीकडे लक्ष घातले, आणि तीन महिन्यांनी आकडा साडेअकरावर आला. न तपासता मिळालेल्या सहीने हे सांगितले असते का?

दिवाळीला तात्या भेटले. म्हणाले, “सर, पोरगी आता घरी आली की आधी आईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघती, रक्त हाय का म्हणून.”

श्रोतेहो, जिला स्वतःची प्रकृती नीट तपासून मिळाली, तीच उद्या दुसऱ्याची मन लावून तपासील.