भिंतीवरची खूण



कॅम्प ५ ची आणि शेजारच्या गावांतली सगळी मंडळी आज इथं जमली आहेत. एक नेहमीचीच गोष्ट बोलू या. पुराची.

आपल्या उल्हासनगरला उल्हास नदीचं नाव आहे. १९४९ साली ते दिलं. पण आपल्या जवळून वाहते ती वालधुनी. उन्हाळ्यात ती नाल्यासारखी दिसते. म्हणून आपण तिला भीत नाही. इथंच आपण चुकतो.

वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते. तिथल्या प्राचीन शिवमंदिराजवळून ती खाली येते. पुढं कल्याणला उल्हास नदीला मिळते. डोंगरावर पाऊस कोसळला, की ते पाणी झपाट्यानं खाली येतं. आपल्या दारात पाऊस थांबला, तरी नदी चढतच असते. त्यात खाडीला भरती आली, तर पाणी पुढं सरकत नाही. मग ते जाणार कुठं? आपल्या घरात!

२६ जुलै २००५ आठवा. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे ३ फुटांहून जास्त! आपल्या भागातही नद्यांनी पात्र सोडलं.

२७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. गाडीत सुमारे १०५० माणसं होती. “खाली उतरू नका,” असं त्यांना सांगितलं. माणसं गाडीतच थांबली. बचाव दलाचे जवान होड्या घेऊन आले. गावकरीही धावले. सगळे सुखरूप सुटले.

यातून काय शिकायचं? पाणी यायच्या आधी निघा. पाण्यानं वेढलं, तर उंचावर थांबा. वाहत्या पाण्यात उतरू नका. वीतभर पाण्याला ओढ असली, तरी धडधाकट माणसाचा पाय निसटतो.

कुणी म्हणेल, “भरलं घर सोडून कसं जायचं?” खरं आहे. पण भांडीकुंडी पुन्हा मिळतील. माणूस मिळेल का? रेशनकार्ड आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. निघताना विजेचं मुख्य बटण बंद करा.

आता एक काम सांगतो. २००५ साली पाणी कुठवर चढलं होतं, ते जुन्या माणसांना विचारा. तिथं भिंतीवर खूण करा. शेजारी साल लिहा. आता तुम्हाला लिहिता येतं ना! ती खूण रोज दिसेल. कुठं जायचं, ते पावसाळ्याआधीच घरात ठरवाल.