नाडी मोजा, शेजारणीची गोळी घेऊ नका
(कनेरगाव नाका येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचं दुपारी बोलूच. आधी दहा मिनिटं मला द्या. मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण हा आजार घरात पाहिला आणि डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतला.

माझी थोरली वहिनी. वेचणीत तिचा हात कोणी धरू शकत नसे. एका हंगामात ती खंगू लागली. चार भाकरी खायची तरी वजन उतरायचं. हात थरथरायचे, छातीत धडधड, थंडीतही घाम. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं ऊन लागलं. मी म्हणालो, फवारणीचं औषध भिनलं असेल. पदवीचा एवढाच उपयोग झाला! फवारणीच्या विषबाधेत असा घाम नि कंप सुटतो तो तासांच्या हिशेबात. महिनोन्‌महिने वाढत जाणारं दुखणं वेगळं, हे मला कळायला हवं होतं.

गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी असते. शरीराचं इंजिन किती वेगानं चालायचं ते तिच्या रसावर ठरतं. रस जास्त झाला की विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा थ्रॉटल अडकावा तसं होतं. डिझेल भराभर जळतं आणि इंजिन तापतं. वहिनीचा प्रकार ग्रेव्हज नावाचा. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच ग्रंथीला चिथावत राहते. काहींचे डोळे बटबटीत होतात, बिडी ओढणाऱ्यांचे जास्तच बिघडतात.

रक्त तपासलं, टीएसएच कमी निघालं. खरी चूक इथं झाली. टीएसएच म्हणजे ग्रंथीला वरून येणारा हुकूम. माल ढिगानं आला की व्यापारी मागणी थांबवतो, तसा हा हुकूमही थांबतो. म्हणजे आकडा कमी, पण आजार जास्तीचा. घरच्यांनी कागद वाचला, 'थायरॉईड कमी' असा अर्थ लावला आणि शेजारीण घ्यायची ती थायरॉईडची गोळी वहिनीला सुरू केली. ती थायरॉक्सिन, नेमकी उलट्या आजाराची! तीन आठवड्यांत नाडी 140 वर गेली, ठोके बेताल झाले. असे बेताल ठोके पडले की हृदयात रक्ताची गुठळी धरू शकते. ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. रात्री जीप करून नेली, म्हणून वाचली.

मग कार्बिमाझोल सुरू झाली, धडधडीला प्रोप्रॅनोलॉल. दमा असेल तर ही दुसरी गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगायचंच. काही आठवड्यांत गुण येतो, पण ग्रेव्हजमध्ये कार्बिमाझोल साधारण 12 ते 18 महिने घ्यावी लागते. वहिनीनं चौथ्या महिन्यात सोडली. बरं वाटत होतं, आणि पेरणीला पैसे हवे होते. दुखणं परत आलं. एक मात्र ध्यानात ठेवा. ही गोळी चालू असताना घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. दिवस गेले असतील किंवा जायचे असतील तर आधी सांगायचं, औषध बदलावं लागतं. आणि अंगावर काढलं तर हाडंही ठिसूळ होतात.

गोळ्यांनी भागलं नाही तर शस्त्रक्रिया, नाहीतर किरणोत्सारी आयोडीन. मुंबईला परळमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 साली निघालं, टाटा रुग्णालयाच्या आवारात. टाटाचं नाव काढताच घरात रडारड! कॅन्सर नाही हो हा. आयोडीन तोंडानंच घ्यायचं. ग्रंथी ते ओढून घेते आणि तिच्याच पेशी मरतात. त्याची ताकद दर 8 दिवसांनी निम्मी होते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हे देत नाहीत.

या उपचारानंतर बहुतेकांची ग्रंथी मंदावते. वहिनीचीही मंदावली. आता तीच थायरॉक्सिन तिला जन्मभर आहे, पण तिच्या स्वतःच्या तपासणीवर ठरलेली. पहाटे उपाशीपोटी घेते आणि वेचणीला जाते.

तुम्ही बसून दहा मिनिटं झाली. मनगट धरा, मी घड्याळ बघतो. पुरता एक मिनिट मोजायचं. 100 च्या वर ज्यांची गेली त्यांनी उद्या सकाळी अंथरुणातच पुन्हा मोजा. तेव्हाही तेवढीच भरली, तर हिंगोली नाहीतर वाशीम, जे जवळ पडेल तिथं रक्त तपासा.