भेदरलेल्या मुलाचे लक्ष कुठे असते?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की माराच्या गोष्टी निघतातच. गणिताच्या गुरुजींची वेताची छडी, बोटांच्या पेरांवर बसलेली पट्टी, अंगठे धरून काढलेला अर्धा तास, बाकावर उभे राहून काढलेली मधली सुट्टी. सांगणारा साठीला आलेला असतो, ऐकणारे हसून हसून डोळे पुसतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतेच, "त्या माराने घडलो!" या कृतज्ञतेत खोटे काही नसते. मात्र तो पुरावा एकाच बाजूचा असतो. मेळाव्याला येतात ते शाळा ज्यांना मानवली ते. ज्याने सातवीत दप्तर टाकले, ज्याला 'ढ' ठरवून शेवटच्या बाकावर बसवले, ज्याच्या अंगावरचे वळ शाळेतले नव्हे तर घरचे होते, त्याला निमंत्रण गेले तरी तो येत नाही. त्याची गोष्ट सांगायला कुणी नसते. आजचे हे बोलणे त्याच्याविषयी आहे. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार आणि या यादीत नेहमी विसरली जाणारी अनास्था, यांनी मुलाच्या बुद्धीचे आणि मनाचे काय होते, हा त्याचा विषय आहे.

या विषयात एक जुना वाद आहे. मूल अभ्यासात मागे पडते म्हणून मार खाते, की मार खाते म्हणून मागे पडते? शिक्षकांच्या खोलीत आणि घराघरांत याचे उत्तर ठरलेले असते: आधी चूक, मग शिक्षा. शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न सोपा गेलेला नाही. अत्याचार सोसलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने कमी भरतो, स्मरणशक्ती आणि लक्ष कमी पडते, हे अनेक पाहण्यांत दिसले. पण अशी मुले बहुधा गरिबीत, भांडणाच्या आणि व्यसनाच्या घरांत वाढलेली असतात. मग दोष कशाला द्यायचा? इंग्लंड व वेल्समधील जुळ्या मुलांचा आणि न्यूझीलंडमधील डनेडिन शहरातल्या मुलांचा लहानपणापासून मागोवा घेणाऱ्या दोन मोठ्या अभ्यासांची माहिती अँड्रिया डॅनीज आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एकत्र मांडली. त्यांचा निष्कर्ष असा, की पीडित मुलांच्या बौद्धिक उणिवांपैकी बराचसा भाग आधीच्या उणिवांनी आणि घरच्या परिस्थितीने समजावता येतो. 'एक चापट मारली की बुद्ध्यंक एवढा घटला' असे गणित मांडणाऱ्यांनी हा अभ्यास अवश्य वाचावा. चांगल्या हेतूने सांगितलेली अतिशयोक्तीही शेवटी मुलांच्याच मुळावर येते, कारण ती उघडी पडली की खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

मग कारण आणि परिणाम यांची गाठ सोडवायची कशी? त्यासाठी सारखी परिस्थिती असलेल्या मुलांचे केवळ सोडतीने दोन गट पाडावे लागतील आणि एका गटाचे जीवन बदलून पाहावे लागेल. मुलांच्या बाबतीत असे कोण करील? दुर्दैवाने, आणि एका अर्थी सुदैवानेही, हे एकदा घडले आहे.

रुमानियात चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९६६ साली लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली आणि संततिनियमनाची साधने दुर्मिळ केली. पोसता न येणारी मुले सरकारी बालगृहांत जाऊ लागली. सरकार आईबापांपेक्षा मूल चांगले वाढवील, असाच प्रचारही होता. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले या संस्थांत होती. पुढे बुखारेस्टच्या बालगृहांत गेलेल्या संशोधकांना प्रथम जाणवली ती शांतता. खोलीभर तान्ही बाळे आणि रडणे नाही. रडले तरी कुणी येत नाही, हे ती बाळे शिकली होती. दहा-पंधरा मुलांमागे एक बाई, ठरलेल्या वेळी दूध, ठरलेल्या वेळी अंघोळ. पाळी बदलली की चेहरा बदलणार. ती मुले उपाशी नव्हती, आणि बहुतेकांना कुणी रोज मारतही नव्हते. त्यांना फक्त कुणी नव्हते.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकी संशोधकांनी २००० साली तिथे काम सुरू केले. सहा बालगृहांतील १३६ मुले त्यांनी निवडली. सर्वांत लहान सहा महिन्यांचे, सर्वांत मोठे अडीच वर्षांचे. सोडतीने त्यांतील निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांत ठेवली आणि निम्मी होती तिथेच राहिली. घरी वाढणारी त्याच शहरातील ७२ मुले तुलनेसाठी घेतली. हे नैतिक आहे का, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतोच आणि तो यायलाच हवा. त्या वेळी बुखारेस्टमध्ये प्रतिपालक कुटुंबे जवळजवळ नव्हतीच. ती या प्रकल्पानेच शोधली आणि त्यांना पाठबळ दिले. संस्थेतील एखाद्या मुलाला पुढे कुटुंब मिळाले, तर प्रयोगासाठी त्याला अडवून ठेवायचे नाही, असा नियम पहिल्यापासून होता. तरीही मागे राहिलेल्या मुलांचा विचार मनाला टोचतो, आणि टोचणेच बरे.

साडेचार वर्षांच्या वयात या मुलांचा बुद्ध्यंक मोजला गेला. संस्थेत राहिलेल्या गटाची सरासरी ७३, कुटुंबांत गेलेल्यांची ८१, घरी वाढलेल्यांची १०९. सोडतीने पाडलेल्या दोन गटांत आधी फरक असण्याचे कारण नव्हते. म्हणून मधले आठ अंक हे एका माणसाच्या सहवासाचे आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि उरलेले अठ्ठावीस? त्यांत जन्माआधीच्या काही गोष्टी असतील, पण उशिरा मिळालेल्या कुटुंबाचाही वाटा आहे. कारण त्याच अभ्यासात असे दिसले, की जे मूल जितक्या लवकर कुटुंबात गेले तितके ते अधिक सावरले, आणि वयाची पहिली दोन वर्षे या बाबतीत फार मोलाची ठरली. मेंदूतील विद्युतलहरींची नोंद घेतली तेव्हा, दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांच्या लहरी आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारख्या आढळल्या. उशिरा गेलेल्यांच्या तशा नव्हत्या.

मनाच्या आरोग्याचे चित्र संमिश्र आहे. कुटुंबांत गेलेल्या मुलांत चिंता आणि नैराश्याचे विकार संस्थेतील मुलांच्या जवळजवळ निम्म्यावर आले. अतिचंचलता आणि लक्ष न टिकणे यांत मात्र तशी सुधारणा झाली नाही. ठरवून एखादी गोष्ट न करणे, दोन सूचना एकाच वेळी ध्यानात ठेवणे, अशा कामांतही ही मुले मागेच राहिली. पालकांनी हा भाग विशेष लक्षात घ्यावा. पहिलीत आलेले, नीट जेवणारे, हसणारे मूल जागेवर बसत नाही, सांगितलेले निम्मे विसरते, तेव्हा त्याची लबाडी शोधण्यापूर्वी त्याची पहिली दोन वर्षे कशी गेली हे विचारण्यासारखे असते.

बुखारेस्टची गोष्ट अभावाची आहे. भयाची गोष्ट निराळी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील सेथ पोलाक यांनी मुलांना अस्पष्टतेकडून हळूहळू स्पष्ट होत जाणारी चेहऱ्यांची चित्रे दाखवली आणि चेहऱ्यावरचा भाव ओळखायला सांगितले. घरी मारहाण सोसलेल्या मुलांनी राग इतरांपेक्षा फार लवकर, चित्र पुरते उमटण्याआधीच ओळखला. या मुलांची बुद्धी मंद कशी म्हणावी? ती एका विद्येत वर्गातल्या पहिल्या नंबराच्याही पुढे आहेत. बाबा दारातून आत आले की पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ज्याला ओळखावे लागते, त्याने ती विद्या प्राण पणाला लावून कमावलेली असते. मात्र त्याच मुलाच्या शिक्षिकेने फळा पुसायला हात उचलला तरी ते दचकते. बाकावरच्या सोबत्याचा सहज धक्का त्याला हल्ला वाटतो. भागाकाराची पायरी चुकते, कारण त्याचे लक्ष फळ्यावर नसून दारावर असते.

शरीराच्या पातळीवर याचे स्पष्टीकरण असे. संकट दिसले की मेंदूतील अमिग्डाला हा भाग इशारा देतो, मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तात सोडतात, हृदय वेगाने धडधडते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. हीच यंत्रणा रोज, वर्षानुवर्षे चालू राहिली तर तिचा ताल बिघडतो. कुणात ती सतत चढलेली राहते, कुणात थकून मंदावते. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस आणि विचारांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग, हे दोन्ही या संप्रेरकाला संवेदनशील असतात आणि दोघांचीही वाढ बालपणात चालू असते. पाठांतर आणि संयम या शाळेच्या दोन मुख्य मागण्या नेमक्या त्याच भागांवर पडतात.

मोठेपणी काय होते, याचा सर्वांत गाजलेला अभ्यास व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे केला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीसाठी येणाऱ्या हजारो प्रौढांना त्यांनी बालपणाविषयी विचारले: मार, अपमान, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन, मानसिक आजार, आईला होणारी मारहाण, घरातील कुणाचा तुरुंगवास. यांपैकी चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी अनुभवले होते त्यांच्यात नैराश्य, दारूचे व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट आढळला. येथेही सावध राहावे. हा आकडा गटाचा आहे, कुणा एकाच्या कपाळावरचा नाही. असे बालपण भोगलेली पुष्कळ माणसे नीट संसार करतात आणि मुलांना प्रेमाने वाढवतात. या सभागृहातही अशी माणसे असतील, आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलेले नसेल.

भारताचे चित्र पाहण्यासाठी केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेला अहवाल पाहावा. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मारहाण सांगितली. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी शाळेतील शारीरिक शिक्षा सांगितली. ५३ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला आणि त्यांतील बहुतेकांनी त्याआधी कुणाजवळ तोंड उघडलेले नव्हते. हा अहवाल आला तेव्हा 'आपल्याकडे असे नसते' असे म्हणणाऱ्यांत शिकलेली मराठी घरेही मागे नव्हती.

कायदा नंतर आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले. शाळेची अब्रू, नात्याची लाज ही सबब तेथे चालत नाही. पण विचार कायद्याच्या कितीतरी आधीचा होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले ते भय आणि बक्षीस दोन्ही वजा करून. आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या त्या ताराबाई मोडक. एक मराठी बाई परप्रांतात राहून गुजराती मुलांसाठी झटली आणि पुढे तो विचार तिने बोर्डी आणि कोसबाडला नेला. परप्रांतातील मराठी शाळेला हा वारसा सांगण्याचा अधिकार आहे. तो पाळला किती, हे तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सांगायचे.

परप्रांतात आणखी एक गोष्ट घडते. घराबाहेर दुसरी भाषा, शेजार निराळा, आजी-आत्या-मावशी हजार मैलांवर. गावी एखाद्या घरात मूल मार खाऊ लागले तर मधे पडायला कुणी तरी असते. इथे बंद फ्लॅटच्या दाराआड ते कुणाला कळत नाही. शाळेत मूल गप्प राहिले तर 'भाषा अजून जमत नाही' म्हणून ते सोडून दिले जाते. गप्प मूल कुणालाच त्रास देत नाही. बुखारेस्टची बाळेही देत नव्हती.

म्हणून काही साध्या गोष्टी शाळेला करता येण्याजोग्या आहेत. बालवाडी ते दुसरी एकच वर्गशिक्षिका मुलांबरोबर वर चढावी. बुखारेस्टच्या मुलांतही पहिल्याच प्रतिपालक घरात टिकून राहिलेली मुले पुढे अधिक चांगली निघाली. अचानक गुण घसरले, डबा न खाता परत जाऊ लागला, मूल घरी जायला रेंगाळू लागले, की ताकीद देण्याआधी त्याच्याशी बोलावे, आणि वर्गासमोर बोलू नये. मुलाने काही सांगितले तर "खरं का?" असे विचारू नये, "सांगितलंस ते बरं केलंस" असे म्हणावे आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवावे. १०९८ हा मुलांसाठीचा विनाशुल्क क्रमांक प्रत्येक वर्गात, मुलांच्या उंचीवर लिहिलेला असावा. पालकांसाठी एवढेच: प्रगतिपुस्तक हाती पडेल त्या संध्याकाळी हात उचलू नये. सही दुसऱ्या दिवशी सकाळी केली तरी चालते, शाळा थांबेल.