खाडीत गळ टाकताना
कोकणातल्या खाडीत छोट्या होडीतून गळ टाकायला जाणार असाल, तर आधी तिथी बघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. जिताडा मासा वाहत्या पाण्यात खडकाच्या, खांबाच्या आडोशाला दबा धरून असतो. जिवंत कोळंबी शेपटीजवळ हलकेच टोचा, म्हणजे ती पोहत राहते आणि जिताडा तिच्यावर झेपावतो. पुनव-अवसेच्या उधाणात मात्र ओहोटीची ओढ फार. नवख्यानं अष्टमीच्या आसपासचं भांगाचं, म्हणजे कमी ओढीचं पाणीच निवडावं. नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून सोडा, बाजूनं सोडलात तर प्रवाहात होडी कलंडते. मासा बसूनच ओढा. लाइफ जॅकेट निघतानाच अंगात घाला आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवा.