राहतें घर

शेतजमीन, दागिने व ठेवी यांवरून भावाभावांत तंटा झाला, तर शेजारीपाजारी चार दिवस बोलतात आणि विसरून जातात. परंतु राहत्या घराच्या माजघरांत मधोमध भिंत उभी राहिली, म्हणजे ती साऱ्या गांवाच्या डोळ्यांत सलते. श्रोतेहो, याचें कारण किंमतींत शोधूं नये. कोकणांतील जुन्या घराचे दगड, वासे आणि कौलें विकावयास काढलीं, तर त्यांचें फारसें कांहीं येणार नाहीं.

जांभ्याच्या चौथऱ्यावर उभें असलेलें असें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. पुढें अंगण व तुळशीवृंदावन, मग पडवी, ओटी, माजघर. आंत देवघर व धुरानें काळवंडलेलें स्वयंपाकघर. माजघराच्या कडेला मात्र एक अंधारी खोली असते. तिला खिडकी असली तर हातभर. ही बाळंतिणीची खोली. घरांतल्या चार-पांच पिढ्या याच खोलींत जन्मास आल्या. सासरीं गेलेल्या लेकी पहिलटकरीण म्हणून परत आल्या, त्याही येथेंच. ओटीचा मान पुरुषांचा असला, तरी घराचा वंश या अंधाऱ्या खोलीनें चालविला.

आतां कायद्याकडे पाहावें. चालुक्यांच्या काळीं विज्ञानेश्वरानें लिहिलेल्या 'मिताक्षरे'नें मुलाचा वडिलार्जित मिळकतींत जन्मतःच हक्क मानला. इंग्रजी अमलांतील कायदेपंडितांनाही राहतें घर इतर मिळकतीसारखें वाटलें नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें असें ठरविलें कीं, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा परक्यानें विकत घेतला, तरी त्याला त्या घरांत कुटुंबीयांबरोबर राहण्याचा अधिकार नाहीं. १८९३ च्या वांटणीच्या कायद्यानें पुढचें पाऊल टाकलें. असा परका वांटणीसाठीं कोर्टांत गेला, तर घरच्या हिस्सेदारास वाजवी किंमत देऊन तो हिस्सा परत घेतां येतो. चूल एकाच कुटुंबाची राहावी, हा या दोन्ही कलमांचा हेतु. तो चांगलाच होता.

पण परका कोण? १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीला वडिलांच्या हिश्श्यांत वांटा दिला आणि त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमानें राहत्या घराच्या दाराशीं तिला थांबविलें. पुरुष वारस आपसांत वांटणी करीपर्यंत तिनें ती मागावयाची नाहीं! राहण्याचा हक्क होता, पण तो अविवाहित, विधवा, नवऱ्यानें टाकलेली किंवा नवऱ्यापासून विभक्त झालेली असेल तरच. म्हणजे जिचा संसार सुखाचा, तिला जन्मघरीं नुसतें पाहुणी म्हणून यावयाचें. ज्या खोलींत ती जन्मली आणि जेथें तिनें आपलें पहिलें मूल जन्मास घातलें, तिच्या एका दगडाचाही हिशेब तिला विचारतां येत नव्हता. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींना जन्मतःच सहदायाद मानिलें. मात्र त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळल्या गेल्या. २००५ सालीं साऱ्या देशासाठीं मुलींना तोच हक्क मिळाला आणि तें तेविसावें कलमही गळलें. २००५ पूर्वीं वडील वारले असले तरी मुलीचा हक्क बाधित होत नाहीं, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०२० चा.

कायदा सुधारला, माजघरांतली बोली तेवढी सुधारली नाहीं. वडिलांचें वर्षश्राद्ध आटोपतें न आटोपतें तोंच थोरला भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढें करतो. "ताई, तुला काय कमी आहे? इथं सही कर म्हणजे झालं." बहीण सही करते. तिला कायदा ठाऊक नसतो, असें म्हणणें आतां अर्धेंच खरें आहे. पुष्कळदां तो तिला चांगला ठाऊक असतो; परंतु सही न केल्यास माहेर तुटेल, गौरी-गणपतीला बोलावणें येणार नाहीं, ही भीति हक्काहून मोठी ठरते. माहेरासाठीं ती माहेरचा वांटा मोजून देते, आणि भाऊ त्याला तिचा मोठेपणा म्हणतो!

दुसऱ्या बाजूस मुंबईकर भाऊ आणि गांवीं राहिलेला भाऊ. दर वैशाखांत कौलें परतून घर शाकारावें लागतें, वाळवी लागलेला वासा बदलावा लागतो. गांवचा म्हणतो, राबतों मी. मुंबईचा म्हणतो, हिस्सा माझाही आहे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेंच नांव. खर्च कोणीं करावा हें ठरत नाहीं, तोंच मृग येतो आणि पाणी माजघरांत उतरतें. तंट्यापेक्षां या चालढकलीनें पडलेलीं घरें थोडीं नसावींत.

कांहीं कुटुंबांनीं यावर साधी तोड काढली आहे. जमीन वांटावी, घर सामाईक ठेवावें. भाऊ व बहिणी या सर्वांचीं नांवें उताऱ्यावर चढवावींत. दुरुस्तीची वर्गणी हिश्श्याप्रमाणें ठरवून ती लेखी करावी. आणि गांवीं राहणाऱ्याच्या देखरेखीचें मोल त्यांतून वजा धरावें. अशा घरीं गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं जो पहिला पोंचतो, तो शेजाऱ्याकडून किल्ली आणून दार उघडतो. कधीं कधीं ती पहिली येणारी घरची लेक असते, आणि भाऊ येईपर्यंत तिनें ओटी सारवूनही ठेविलेली असते.