वनस्पतींचे स्निग्ध दूत



स्निग्ध पदार्थ म्हटले कीं आपल्यापुढें तूप, तेल, लोणी हीं उभीं राहतात; आणि शरीराच्या संबंधांत तो शब्द निघाला तर सांठलेल्या मेदाची आठवण होते. स्निग्ध पदार्थ म्हणजे एक तर इंधन, नाहीं तर अडगळ, अशी आपली सर्वसाधारण समजूत. आज ज्या स्निग्ध द्रव्यांविषयीं मी बोलणार आहें, तीं या दोहोंतहि मोडत नाहींत. तीं निरोप पोंचवितात. आणि तेंहि वनस्पतींच्या देहांत, जेथें मेंदू नाहीं आणि मज्जातंतूहि नाहींत.

प्रथम वनस्पतीची अडचण समजून घेऊं. मुळांनीं शोषिलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ९५ हून अधिक पाणी वाफ होऊन हवेंत निघून जातें. त्याची वाट म्हणजे पानांवरील सूक्ष्म रंध्रें. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंस घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्यानें फुगल्या म्हणजे बांक घेतात व रंध्र उघडतें. सैल पडल्या म्हणजे तें मिटतें. परंतु ज्या दारानें पाणी बाहेर जातें, त्याच दारानें कर्बवायु आंत येतो आणि त्यापासून उन्हांत झाडाचें अन्न तयार होतें. दार उघडें ठेवावें तर तहान, लावून घ्यावें तर उपासमार! कडक उन्हाच्या दिवसांत प्रत्येक पानापुढें हा प्रश्न उभा असतो.

दार लावण्याची आज्ञा देण्याचें काम ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाकडे आहे. त्याचा शोध दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें लागला. अमेरिकेंत फ्रेडरिक ॲडिकॉट व त्यांचे सहकारी कापसाचीं कोंवळीं बोंडें कां गळतात याचा तपास करीत होते. तिकडे वेल्समध्यें फिलिप वेअरिंग झाडांच्या कळ्या हिंवाळ्यापूर्वीं कां निजतात याचा शोध घेत होते. उभयतांच्या हातीं लागलेलें द्रव्य एकच आहे, हें १९६५ सालीं निश्चित झालें. त्याचें नांव गळण्यावरून पडलें. पण १९६९ सालीं असें दिसून आलें कीं, गव्हाचें पान सुकूं लागतांच हें द्रव्य त्यांत झपाट्यानें वाढतें. दुष्काळाची वार्ता देणारा तो हाच.

परंतु हुकूम कचेरींत येऊन पडला म्हणजे त्याची अंमलबजावणी झाली असें होत नाहीं. पुढें कारकून लागतो, शिपाई लागतो. पेशींतहि असे दुय्यम दूत असतात. प्राण्यांच्या पेशींत ते पटलांतील मेदापासून बनतात, हें १९८३ सालीं केंब्रिजचे मायकेल बेरिज व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांनीं स्पष्ट झालें. एका विशिष्ट स्निग्ध रेणूचें पाण्यांत विरघळणारें डोकें तुटून पेशींत शिरतें आणि तेथें कोंडलेलें कॅल्शियम मोकळें करतें. मागें उरलेला स्निग्ध भाग दुसऱ्याच एका प्रथिनास जागें करतो.

वनस्पतींतहि असेंच असेल काय? पावसाळ्यांत ज्याची भाजी आपल्याकडे करतात, त्या केन्याची एक भावंड वनस्पति एडिंबरोच्या संशोधकांनीं घेतली. तिच्या रक्षक पेशींत त्यांनीं हेंच तुटकें डोकें रासायनिक कुलपांत घालून सोडलें. प्रकाशाच्या झोतानें कुलूप तोडतांच कॅल्शियम वाढलें आणि रंध्र मिटलें! ही गोष्ट १९९० सालची. यावरून वनस्पति म्हणजे मुळें फुटलेला प्राणीच, असें कोणास वाटावें. परंतु त्या डोक्याचा निरोप ऐकणारें जें प्रथिन प्राण्यांत आहे, तें फुलझाडांत सांपडलेलें नाहीं. आणि स्निग्ध भागानें जागें होणारें तें दुसरें प्रथिनहि त्यांच्यांत नाहीं. प्राण्यांचा नकाशा हातीं घेऊन वनस्पतींच्या देशांत फार दूर जातां येत नाहीं.

मग त्यांची स्वतःची वाट कोणती? पेशीभोंवतींचें पटल हें स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचें असून, एका मिलिमीटरचे दोन लक्ष भाग करावे तर त्यांतील एका भागाएवढी त्याची जाडी. हें केवळ कुंपण, असें पुष्कळ दिवस मानीत. परंतु फॉस्फोलायपेज-डी नांवाचें एक विकर या कुंपणांतील रेणूंचें डोकें छाटतें आणि फॉस्फॅटिडिक आम्ल शिल्लक ठेवतें. १९९९ सालीं वालाच्या कुळांतील बाकल्याच्या रक्षक पेशींत असें आढळलें कीं, ॲब्सिसिक आम्लानें हें विकर उत्तेजित होतें. आणि नुसतें फॉस्फॅटिडिक आम्ल दिलें तरीहि रंध्रें मिटूं लागतात. शुएमिन वांग यांच्या गटानें २००१ सालीं दाखविलें कीं, हें विकर कमी केलेलीं रोपें पाणी अधिक गमावतात, आणि तें वाढविलेलीं तंबाखूचीं रोपें कमी गमावतात. २००४ सालीं याच गटास पुढचा धागा सांपडला. संप्रेरकाची आज्ञा अडवून धरणारें एक प्रथिन पेशींत पहाऱ्यावर असतें. फॉस्फॅटिडिक आम्ल त्याला धरून पटलापाशीं खिळवून ठेवतें. पहारेकरी जागीं अडकला कीं आज्ञा पुढें जाते, क्षार बाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग पाणी जातें, आणि दार लागतें. संप्रेरकाचें ग्राहक प्रथिनहि याच पहारेकऱ्यास आवरतें, हें २००९ सालीं कळलें. एकाच पहारेकऱ्यास दोघांनीं दोन बाजूंनीं धरावें, तसा हा प्रकार आहे.

दूत म्हणून मेदच कां? तो पाण्यांत वाहून जात नाहीं. जेथें निर्माण झाला तेथेंच पटलाला धरून राहतो. शिवाय काम संपतांच दुसरीं विकरें त्याचें रूप पालटतात व निरोप पुसला जातो. मागें सांगितलेला पेंच आठवला म्हणजे या पुसण्याचें मोल कळतें. दार लावण्याची आज्ञा कायम राहिली, तर झाड तहानेनें नव्हे, भुकेनें मरेल.

वनस्पति मेदापासून संप्रेरकहि घडवितात. आपल्या जवसाच्या तेलांत विपुल असणाऱ्या लिनोलेनिक आम्लांत कर्बाचे १८ अणु असतात. पान कुरतडलें गेलें कीं पटलांतून सुटलेल्या याच आम्लापासून १२ अणूंचें जॅस्मोनिक आम्ल बनतें आणि अळीस अपायकारक द्रव्यें तयार होऊं लागतात. त्याचेंच एक सुगंधी रूप १९६२ सालीं चमेलीवर्गीय फुलांच्या तेलांत सांपडलें होतें. ज्या सुवासाला आपण शृंगाराचें साधन मानलें, तो वनस्पतींचा धोक्याचा इशाराहि निघावा, हें थोडें नवल नव्हे.

अवर्षणाला तोंड देणारीं पिकें हवींत, ही मागणी १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्रांत कोणास पटवून द्यावी लागत नाहीं. तो निरोप मोठ्यानें सांगणारें रोप घडविणें शक्य आहे, हें तंबाखूच्या प्रयोगानें दाखविलें. परंतु सदा दार लावून बसणाऱ्या झाडाला कणसांत दाणा भरतां येणार नाहीं. शेतकऱ्याला हवें आहे तें वेळेवर दार लावणारें आणि पाऊस पडतांच तें उघडणारें पीक. त्या वेळेचें ज्ञान निसर्गानें एका क्षणभंगुर मेदाच्या हातीं सोंपविलें आहे. त्याची भाषा पुरती शिकल्यावांचून त्याच्या तोंडीं आपले शब्द घालण्याची घाई करूं नये, एवढेंच आज सांगावयाचें होतें.